डावीकडं वळताना

वैराग, ता. बार्शी
४ ऑगस्ट २०२४

चंद्रे,

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं, त्याचा राग धरू नको. फोन केला असता, पण कानाला यंत्र बसवल्यापासून तू फोनवर नुसतं "कोण, कोण" करतीस. मी घसा फोडते, शेजारणीला सगळं कळतं आणि तुला काय न्हाय. पत्रच बरं. सोलापूरच्या बोर्डिंगातून सुट्टीला घरी गेलो की आपण लिहीतच होतो की.

आता काम हाय म्हणून लिहितेय. आमच्या शिवराजला मागच्या साली खूळ लागलं, घरी गाडी बनवायचं. मद्रासकडून पेट्या मागवल्या. त्यात पायपांचा सांगाडा, चार चाकं, स्टेअरिंग, सीट, सगळं सुटं सुटं. इंजिन मात्र मोटारसायकलचं. एक मोडलेली मोटारसायकल भंगारातून आणली आणि तिचं इंजिन सीटच्या मागं बसवलं. गाडीला छप्पर न्हाय, दारं न्हाईत. रस्त्यावर न्यायची परवानगी न्हाय. रानात नाहीतर मैदानात पळवायची.

वेल्डिंग झालं, ब्रेक झालं, चाकं फिरली. घोडं अडलंय ते वायरिंगपाशी. बॅटरी चार्ज करून लावली की पहिल्या सेल्फला इंजिन बोलतं. बांधाबांधानं दोन फेऱ्या मारून बंद केलं की संपलं. परत सेल्फ मारला की नुसतं टक करतंय. नवी बॅटरी आणली, ती बी तशीच बसली. शिवराज वायरी उपसत बसला आणि शेवटी पाना फेकून घरात आला. म्हणतो, दिवाळी झाली की इंजिन विकतो आणि सांगाडा भंगारात देतो.

लेकाचं ते तोंड मला बघवंना. जानेवारीत सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या पुढच्या माळावर, घरी बनवलेल्या गाड्यांची शर्यत हाय. शिवराज त्यात गाडी चालवणार व्हता. मी त्याला म्हणलं, तू गप बस, गाडी मी चालू करून देते.

तू आयटीआयमधी तीस वर्षं पोरांना वायरिंग शिकवलंस. चार दिवस ये. माडीवरची खोली झाडून ठेवते. मालकांना हे काय पटलेलं न्हाय, पण तू आलीस की ते गप बसतील.

तुझी सोजर

⁂

सोलापूर
१५ ऑगस्ट २०२४

सोजर,

अक्षर बघून दचकू नकोस. वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी महेश्वरी लिहितेय, मी सांगते तसं. माझा चष्मा दुरुस्तीला टाकलाय.

यायला जमणार नाही. श्रावण चालू आहे, सोमवारी घरी माणसं असतात, त्यात गुडघाही दुखतोय. पण गाडीचं सांगते.

बॅटरीत दोष नाही. बॅटरी म्हणजे रांजण धर. इंजिन चालू असताना त्यात भर पडत राहायला हवी. तुमच्या गाडीत नुसता उपसा चाललाय. मोटारसायकलचं इंजिन वीज करतं ती मोटारसायकलपुरती. त्याच्यावर शिवराजनं मोटारीचे दोन मोठे दिवे आणि पंखा टाकला असणार, मी पैज लावते. दिवसाच्या शर्यतीला मोठे दिवे कशाला? काढून टाक.

दुसरं जास्त महत्त्वाचं. सांगाड्याला रंग कसला आहे? भट्टीत भाजलेला जाड रंग असेल तर अर्थची वायर त्या रंगावर बसलीय. वीज जाते तशी तिला परत यायला वाट लागते, आणि रंगातून वाट नसते. बोल्टखालचा रंग कानशीनं घासून लोखंड उघडं कर. शिवाय बॅटरीच्या वजा टोकापासून थेट इंजिनाच्या अंगाला एक जाड वायर लाव. मग इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर धर. चौदाच्या आसपास दिसलं तर रांजण भरतोय. बारा दिसलं तर मला लिही.

महेश्वरी नवी पेठेतून जाड वायर, फ्यूजची पेटी आणि एक लाल स्विच आणतेय. पार्सल करते. तो लाल स्विच गाडीच्या बाहेरच्या अंगाला बसव. काही झालं तर बाहेरच्या माणसाला एका हिसक्यात बॅटरी तोडता यायला हवी.

चंद्रव्वा

⁂

वैराग
८ सप्टेंबर २०२४

चंद्रे,

काल गणपती बसले आणि आज सकाळी मीटरवर चौदा आलं. त्याचं श्रेय मालक गणपतीला देतात, मी तुला देते.

तू म्हणालीस तसंच व्हतं. भट्टीचा काळा रंग, आणि त्याच्यावर ऐटीत बसलेला बोल्ट. कानशीनं घासता घासता माझ्या बोटांची सालं निघाली, पण खाली चकचकीत लोखंड आलं. मोठे दिवे काढले. जाड वायर इंजिनाला लावली. आता सकाळी बंद केलेली गाडी संध्याकाळी बी एका सेल्फला उठतीय. शिवराज गोठ्यातून आवाज ऐकून पळत आला. इंजिनाला हात लावून उभा राहिला.

सीट पुढं सरकवली, पेडलला लाकडाचे ठोकळे लावले, आणि म्हणलं आता रानात नीट पळवून बघावी. तर नवीनच दुखणं निघालं. सरळ पळती. उजवीकडं वळती. डावीकडं जोरात वळवली की इंजिन एकदम मरतंय, दिवा विझल्यासारखं. चावी बंद करून परत लावली की गुमान चालू व्हतंय. हळू वळवली तर काय न्हाय. मी तिसरी बॅटरी बी लावून बघितली, तरी तेच.

तुझा श्रावण संपला. आता गुडघ्याला तेल लाव आणि ये.

सोजर

⁂

सोलापूर
१८ सप्टेंबर २०२४

सोजर,

बॅटऱ्या बदलणं बंद कर. मीटरवर चौदा आलं तिथं बॅटरीचा विषय संपला.

वळताना बंद पडते म्हणजे कुठंतरी जोड सैल असेल, अंग हललं की सुटत असेल. इंजिन चालू ठेवून एकेक वायर हातानं हलवून बघ. चावीपासून सुरू कर आणि मागं जा. जिथं हलवल्यावर इंजिन अडखळेल तिथं दोष.

एक विचारू? शिवराज सहा फुटी आहे. त्याच्या लग्नात हार घालायला नवरीला पाटावर उभं केलं होतं. त्याला पेडलवर लाकडाचे ठोकळे कशाला लागतात? आणि रानात गाडी पळवतंय कोण?

मला आत्ता यायला जमत नाही.

चंद्रव्वा

⁂

वैराग
३ ऑक्टोबर २०२४

चंद्रव्वा,

व्हय, मीच पळवते. शर्यतीत बी मीच बसणार हाय. तुला आधी सांगितलं न्हाय, कारण तू हसशील असं वाटलं. हितं सगळे हसतात. मालक म्हणतात, साठी उलटली, नातवंडं झाली, पाव्हणेरावळे काय म्हणतील. मी त्यांना म्हणलं, तुमचा पाय मोडला त्या साली दोन हंगाम ट्रॅक्टर कुणी चालवला? बार्शीच्या बाजाराला ट्रॉली कुणी नेली? तवा पाव्हण्यांनी काय म्हणलं न्हाय. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ट्रॅक्टरची चावी शिवराजच्या खिशात असती. डॉक्टर म्हणाला दिसतंय चांगलं, पण चावी काय परत आली न्हाय. ही गाडी कुणालाच नको व्हती, म्हणून ती माझ्या हातात राहिली.

सगळ्या वायरी हलवून बघितल्या, चावीपासून शेपटापर्यंत. एक बी सैल न्हाय. डावीकडं मरायची ती मरतीयच.

आता दुसरं. माझ्या लेकीच्या लग्नात मांडवभर दिवे तू एकटीनं लावलेस, शिडीवर चढून. आणि आता मी दोनदा बोलवलं तर कधी श्रावण, कधी गुडघा, कधी नुसतंच जमत न्हाय. पत्र बी दुसऱ्याच्या अक्षरात, कचेरीतनं आल्यासारखं. चष्मा दुरुस्त व्हायला दोन महिने लागत न्हाईत. तुला बी हे म्हातारीचं खूळ वाटत असलं तर सरळ लिही. मी वाईट वाटून घेणार न्हाय. म्हंजे घेईन, पण कळलेलं बरं.

शिवराजनं इंजिनाला गिऱ्हाईक बघितलंय. दिवाळीनंतर माणूस येणार हाय.

सोजरबाई

⁂

सोलापूर
७ नोव्हेंबर २०२४

सोजर,

हे पत्र मी स्वतः लिहितेय. ओळी वरखाली गेल्यात आणि काही अक्षरं दोनदा उमटल्यासारखी दिसतील. महेश्वरी म्हणाली, मी लिहून देते. मी नको म्हणाले. तुला दिसू दे.

मला कंपवात आहे. मागच्या उन्हाळ्यात उजवा हात थरथरायला लागला, आता डावाही. कपबशी धरली की खळखळ वाजते, म्हणून मी चहा पेल्यातून पिते. चष्मा धडधाकट आहे, गुडघाही. वर्गात मी मुलांना सांगायची, ज्याचा हात स्थिर नाही त्यानं वायरिंगला हात लावू नये. तुझ्या अंगणात, शिवराजच्या समोर, माझ्या हातून एक साधी वायर जागेवर बसली नाही तर कसं तोंड दाखवू, हाच विचार करत बसले. तुझं पत्र आलं तेव्हा तुझ्यावर इतकी रागावले की महिनाभर उत्तरच दिलं नाही. मग राग गेला आणि नुसती तुझी आठवण येत राहिली. तू मला लोकांच्या हसण्याचं लिहिलंस, आणि मी तुझ्यापासून हे लपवलं.

आता गाडीचं. दिवाळीला भावाकडं मैंदर्गीला गेले होते. एसटीत पुढच्या सीटच्या दांड्याला माझी पिशवी अडकवली होती. गाडी डावीकडं वळली की पिशवी उजवीकडं जायची, उजवीकडं वळली की डावीकडं. अक्कलकोट सुटेपर्यंत मी त्या पिशवीकडं नुसती बघत होते. मग आठवलं, मोटारसायकलच्या हँडलला दुधाची बरणी अडकवली तर वळताना ती अशी बाहेर फेकली जात नाही. कारण वळताना आपण गाडीसकट आत झुकतो. चारचाकी झुकत नाही.

नव्या मोटारसायकलींत एक लहान डबी असते. गाडी आडवी पडली की इंजिन बंद करायचं, एवढंच तिचं काम. तिच्या आत लंबकासारखं काहीतरी असतं. ते फार कलंडलं की डबीला वाटतं गाडी पडली. मग चावी बंद करून परत लावेपर्यंत ती इंजिनाला उठू देत नाही. ही डबी शिवराजनं जुन्या वायरिंगबरोबर तुमच्या गाडीत आणली असणार. बघ, ती कुठल्यातरी तिरक्या पायपावर बांधलेली असेल, आधीच एका बाजूला कललेली. तू डावीकडं जोरात वळतेस, आतला लंबक उजवीकडं जातो, आणि डबी म्हणते, पडली. उजवीकडं वळताना तिला काही वाटत नाही.

माझं चुकत असेल तर हसू नकोस. डबी शोध, पण हात लावू नकोस. काढून तर मुळीच टाकू नकोस, उद्या खरंच उलटलीस तर इंजिन बंद पडायला हवं. शिवराजला सांग, गिऱ्हाईकाला आठ दिवस थोपवून धर.

मी मंगळवारच्या सकाळच्या बसनं येतेय. माझे हात असे आहेत, हे माहीत असू दे. तिथं काम तुला करावं लागेल.

तुझी चंद्रव्वा

⁂

वैराग
१ डिसेंबर २०२४

चंद्रे,

तू नीट पोचलीस हे महेश्वरीनं फोनवर कळवलं. घर तुझ्यावाचून मोकळं मोकळं वाटतंय. मालक रोज विचारतात, बाई परत कधी येणार.

तुझं ते पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत न्हाय. तुला बसमधनं उतरून घेतलं तवा मी नुसती ज्वारीच्या पिकाविषयी बडबडत बसले. तू ओळखलंच असशील.

ती डबी तिरक्या पायपावर सापडली तवा तुझा चेहरा मी बघितला. शिवराजनं सपाट पट्टी वेल्ड करून दिली आणि आपण तिला खाली रबर घालून पाण्याच्या पातळीनं बसवलं. तिथवर मला वाटलं, झालं काम. तू म्हणालीस, आता सगळं वायरिंग उकलू, हे जंजाळ शर्यतीत दगा देईल. मला तुझा लई राग आला व्हता, आता सांगते. पण स्टुलावर बसून तू रंगानुसार एकेक वायर सांगत गेलीस आणि मी तोडत, सोलत, जोडत गेले, तसं ते जंजाळ माझ्या ओळखीचं झालं. माझं पहिलं सोल्डर भाकरीच्या पिठाच्या गोळ्यासारखं झालं. तू म्हणालीस, "वायर तापव, सोल्डर नको तापवू. तापलेल्या वायरीत ते आपोआप शिरतं." दुसऱ्यांदा ते शिरलं, पाण्यासारखं. तवा तू माझ्या हातावर हात ठेवलास. तुझा हात थरथरत व्हता, आणि त्याखाली माझा बी थोडा थरथरला, पण सोल्डर धरून राहिलं.

आता तू गेल्यावरचं. रविवारी शिवराज म्हणाला, चावी दे, एक फेरी मारतो. मी दिली. त्यानं मळणीच्या खळ्याभोवती डावीकडं जोरात घातली, परत घातली, तिसऱ्यांदा मागची चाकं सरकली. गाडी मेली न्हाय. मग येऊन माझ्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "अर्जात ड्रायव्हर म्हणून तुझंच नाव घालतो." गिऱ्हाईकाला त्यानं स्वतः फोन करून न्हाय म्हणून सांगितलं. आणि ट्रॅक्टरची चावी दुसऱ्या दिवशी खिळ्याला अडकवलेली दिसली, जिथं आधी असायची तिथं.

शर्यत २६ जानेवारीला हाय. तू पहिल्या रांगेत बसायचं.

सोजर

⁂

हुबळी
९ जानेवारी २०२५

सोजर,

मी गुरुकडं, मुलाच्या घरी आलेय. त्यानं इथल्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि ती नेमकी शर्यतीच्या आसपास आली. पुढं ढकल म्हणाले तर म्हणतो, अव्वा, ही वेळच मुश्किलीनं मिळालीय. मुलगा काळजीनं बोलला की वाद घालता येत नाही. फार वाईट वाटतंय. आठवडाभर लिहायचं टाळत होते.

घराची किल्ली महेश्वरीकडं आहे. गाडी आदल्या दिवशी टेम्पोनं आणा आणि माझ्या अंगणात लावा. जेवणाचं महेश्वरी बघेल.

शर्यतीच्या सकाळी बॅटरी पूर्ण भरलेली असू दे. बॅटरीत जाणारी वीज आवरणारा रेग्युलेटर तापतो, त्याला वारा लागायला हवा, त्याच्यावर फडकं टाकू नकोस. फ्यूज दोन जास्तीचे खिशात ठेव. बाकी तुझं तुला माहीत आहे. गाडीतली प्रत्येक वायर तुझ्या हातची आहे.

हळू जा असं मी लिहिणार नाही.

चंद्रव्वा

⁂

वैराग
२८ जानेवारी २०२५

चंद्रे,

तुला सगळं पहिल्यापासून सांगते, मधीच शेवट वाचू नको.

आदल्या दिवशी दुपारी तुझ्या अंगणात गाडी उतरवली. तुझी गल्ली गोळा झाली. महेश्वरीनं गाडीला हळदकुंकू लावलं आणि समोर नारळ फोडला. मालक आमच्याबरोबर आले न्हाईत. घरातनं निघताना नुसतं म्हणाले, सांभाळून.

सकाळी माळावर पोचलो. टायर रचून आणि चुन्याच्या रेघा मारून वळणं आखली व्हती. कुणाच्या गाडीला रिक्षाचं इंजिन, कुणाच्या मोटारसायकलचं. कॉलेजची पोरं व्हती, एक डॉक्टर व्हता, मोहोळकडचे दोघं भाऊ व्हते. तपासणी करणाऱ्या माणसानं पट्टा ओढून बघितला, बॅटरी हलवून बघितली, लाल स्विच कुटं हाय विचारलं. मी दाखवला. मग त्यानं शिवराजला विचारलं, हेल्मेट तुझं कुटं हाय. शिवराज म्हणाला, मी न्हाय, आई चालवणार. तो माणूस माझ्याकडं बघत राहिला. मी लेकीचा पंजाबी ड्रेस आणि शिवराजचं जाड जाकीट घातलं व्हतं, अंबाडा सोडून वेणी घातली व्हती. त्यानं कागदावरचं वय वाचलं, लायसन वाचलं, आणि शिक्का मारला.

लहान इंजिनाच्या गटात आमी नऊ गाड्या. दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. माझा नंबर आला. रेघेवर गेले, हात वर करून तयार म्हणलं आणि सेल्फ मारला. टक.

परत मारला. टक.

लोक हसायला लागले. माईकवरचा म्हणाला, आजींची गाडी बाजूला घ्या. शिवराज दोरी ओलांडून पळत येत व्हता. पण मी विचार केला, हा आवाज मला माहीत हाय, ऑगस्टमधी महिनाभर ऐकलाय. बॅटरी भरलेली हाय, म्हंजे वाट बंद हाय. पट्टा सोडला, उतरले आणि थेट इंजिनाच्या अंगावरच्या जाड वायरीला हात घातला. ती बोल्टावर चक्क फिरली. टेम्पोच्या धक्क्यांनी सैल झाली व्हती. शिवराजला म्हणलं, पाना दे आणि मागं हो. मी बोल्ट आवळला, वायर ओढून बघितली, आत बसले, पट्टा लावला. सेल्फ मारला आणि इंजिन असं बोललं की रेघेवरचा झेंडेवाला दोन पावलं मागं सरला.

पहिली फेरी मी भ्याले. खरं सांगते. प्रत्येक डाव्या वळणाला कान इंजिनाकडं व्हता, पाय ॲक्सिलेटरवरनं उचलला जायचा. मरती का, मरती का. मेली न्हाय. पण वेळ लई लागला. खालनं तिसरी आले.

दुसऱ्या फेरीच्या आधी मी गाडीत नुसती बसून राहिले. डोळे मिटून सगळं वायरिंग एकदा मनातनं फिरून आले, बॅटरीपासनं डबीपर्यंत, तू स्टुलावर बसून सांगितलंस त्याच क्रमानं. कुटंच अडखळले न्हाय. मंग भ्यायचं कारण उरलं न्हाय.

झेंडा पडला आणि मी सोडली. पहिलं डावं वळण पाय न उचलता घेतलं. मागचं अंग मुरमावर सरकलं, तसं स्टेअरिंग उलटं दिलं. चिखलात ट्रॅक्टर सरकला की देतो तसं. गाडी सरळ झाली. उजवं, परत डावं. शेवटचं डावं लई अवघड व्हतं, आत उतार आणि मोकळा मुरूम. माझ्या आधी तिथं दोन गाड्या फिरून उलट्या तोंडानं उभ्या राहिल्या व्हत्या. मी क्लच अर्धा दाबून गाडी आत टाकली, टायरांच्या ढिगाला चाक घासलं, आणि बाहेर पडताना पाय पार खालपर्यंत दाबला. काय पळाली, चंद्रे. वाऱ्यानं डोळ्यात पाणी आलं व्हतं, आणि ते सगळंच वाऱ्यानं आलेलं नव्हतं.

थांबवली तवा काय ऐकू येईना, हेल्मेटमधी नुसतं रक्त घुमत व्हतं. शिवराजनं हेल्मेट काढलं तवा कळलं की अख्खं मैदान उभं हाय. माझ्यामागं अजून तीन गाड्या पळायच्या राहिल्या व्हत्या. आमी दोरीपाशी उभं राहून तिन्ही बघितल्या. एक जवळ आली, कॉलेजच्या पोरांची, पण कमी पडली. गटात मी पहिली आले. पहिली.

त्या पोरांनी येऊन पाया पडायच्या आधी गाडीखाली डोकं घातलं. वायरिंग कुणी केलं म्हणून विचारलं. माईकवाला बी तेच विचारत आला. मी म्हणलं, हात माझे, डोकं सोलापूरच्या चंद्रव्वा बाईंचं, आयटीआयमधल्या. गर्दीतनं एक टक्कल पडलेला माणूस ओरडला, बाई आमच्या बी मास्तरीण व्हत्या. मंग तिथंच तुझे चार विद्यार्थी निघाले. सगळ्यांनी तुझा पत्ता घेतलाय, तयारी ठेव.

आणि दोरीपलीकडं मालक उभे. डोक्यावर टोपी, हातात जेवणाचा डबा. सकाळच्या एसटीनं एकटेच आले व्हते, दुसऱ्या फेरीच्या आधीपासनं तितंच उभे व्हते. मी जवळ गेले. त्यांनी विचारलं, "लोक हसले का?"

मी म्हणलं, "हसले की. गाडी सुरू होईस्तवर."

त्यांनी डबा माझ्या हातात दिला, माझ्या हातातली बक्षिसाची ढाल आपल्या हातात घेतली आणि वैरागपर्यंत कुणाला दिली न्हाय. स्टँडवर उतरल्यावर ती दिसेल अशी धरून, बाजारपेठेतनं, लांबच्या रस्त्यानं घरी आले.

तुझी सोजर

⁂

हुबळी
९ फेब्रुवारी २०२५

सोजर,

तुझं पत्र मी गुरुला मोठ्यानं वाचायला लावलं. शेवटच्या वळणावर तो थांबला आणि पाणी प्यायला गेला. मी त्याला शिव्या घातल्या. मग सुनेनं वाचलं, मग मी एकटीनं. शेजारच्या कानडी बाईंना कानडीत सांगितलं, तर त्या म्हणाल्या, उद्या परत सांगा, आमचे हे घरी असताना.

डॉक्टरांकडं जाऊन आले. त्यांनी कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली. ती कशी आली असेल ते तुला सांगायला नको. गोळी बदलून दिलीय. हे जाणार नाही म्हणाले, पण सावकाश वाढेल, आणि मन लावून काहीतरी करत राहा. मग विचारलं, हातानं काय काय करता? मी म्हटलं, नोव्हेंबरमध्ये एका मोटारीचं अख्खं वायरिंग केलं, ती शर्यत जिंकली. ते त्या कागदाकडं बघायला लागले. मी म्हटलं, ह्या हातांनी नाही हो. माझे दुसरे हात वैरागला आहेत. गुरुनं त्यांना सगळं समजावून सांगितलं, तेव्हा बाहेरचे पेशंट खोळंबले होते.

तुझ्या त्या टक्कलवाल्यानं खरंच पत्र लिहिलं. त्याचं बाळी वेशीत गॅरेज आहे. आठवड्यातून दोन दिवस येऊन मुलांना शिकवाल का, नुसतं बसून सांगा, म्हणतो. मी हो कळवलं. मार्चमध्ये सोलापूरला परत जातेय.

आणि आता माझं काम आहे म्हणून लिहितेय. मी स्टुलावर बसून होते ना, तेव्हा तुझ्या सीटच्या डाव्या बाजूला किती जागा आहे ते बघून ठेवलंय. दुसरी सीट आरामात बसते. बॅटरी थोडी मागं सरकवावी लागेल, ती कशी ते मी आल्यावर सांगते. पट्टा चार टोकांचा घे. वजन वाढेल म्हणून शिवराज कुरकुरेल. कुरकुरू दे. पुढच्या जानेवारीत मी तुझ्या शेजारी बसणार आहे. गुरुला हे अजून सांगितलेलं नाही.

हेल्मेट मला मध्यम मापाचं लागतं.

तुझी चंद्रव्वा